झंस्कारच्या घळईत उतरण्याआधी : एका सोलापूरकरणीची तयारी

भाच्याला राफ्टिंगसाठी मुळात अमेरिकेतली कोलोरॅडो नदी हवी होती. ग्रँड कॅन्यनमधून स्वतःचा राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, घेऊन जायचं तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानाकडे अर्ज करावा लागतो. मुख्य सोडत फेब्रुवारीत निघते, अर्जाचे २५ डॉलर परत मिळत नाहीत आणि नाव निघालंच तर तुकडीत जास्तीत जास्त १६ माणसं. पूर्वी तिथे सोडत नव्हती, प्रतीक्षायादी होती. ती वीस वर्षांच्या पुढे गेली म्हणून २००६ साली सोडत आणली. हे सगळं त्याने जेवताना वाचून दाखवलं. वर अट अशी की अवघड पाण्यात राफ्ट चालवता येणारा माणूस आपल्यातलाच हवा. आमच्या घरात हिप्परग्याच्या तलावातसुद्धा कुणी वल्हं हातात धरलेलं नाही. कंपनीबरोबर जाता येतं, पण डॉलरमधला आकडा ऐकून ह्यांनी ताटातली भाकरी खाली ठेवली. तो विषय तिथेच मिटला.

मग त्याने झंस्कार काढली. लडाखमध्ये पदुमजवळ स्तोद आणि लुंगनाक या दोन नद्या मिळून झंस्कार होते, डोंगर कापत घळईतून उत्तरेला जाते आणि निम्मूला सिंधूला मिळते. हिमालय पावसाळी ढग अडवतो, त्यामुळे लेहला वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. म्हणजे वर खडखडीत वाळवंट आणि खाली बर्फ वितळून आलेलं भरघोस पाणी. हिवाळ्यात गोठलेल्या ज्या नदीवरून चादर ट्रेक करतात, तीच ही. नदीवर बाहेरच्या माणसाने स्वतःचा राफ्ट आणायची गरज नाही, सोडत नाही, व्हिसा नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची, सरकारी कार्यालयात लिपिक, आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात राहणारी. तरी 'मी येते' असं बोलून गेले. नणंदबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, तू जातेस तर मी का मागे राहू? सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. पाणी बघायचंय तर उजनी धरणावर जा, भाडं दीडशे रुपये.

हे ऑक्टोबर २०२३ मधलं. तेव्हापासून पुढे काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते, कारण मराठीत शोधलं तेव्हा मला लेहच्या मोटारसायकलवाल्यांचंच लिखाण जास्त सापडलं.

पहिला प्रश्न, कोणता टप्पा? झंस्कारवर दोन प्रकारची राफ्टिंग होते. एक दिवसभराची, चिलिंग ते निम्मू, साधारण २८ किलोमीटर. लेहहून सकाळी गाडीने निघायचं, संध्याकाळी परत. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर ही चालते आणि ज्यांना अंदाज नाही त्यांनी हीच करावी, असं माझं प्रामाणिक मत. दुसरी पदुमच्या बाजूने निघून घळई पूर्ण पार करून निम्मूला येणारी, नदीकाठच्या वाळूवर मुक्काम करत. नदीच्या खळाळाला इथे एक ते सहा अशी श्रेणी देतात. झंस्कारच्या लांब मोहिमेत तीन आणि काही ठिकाणी चार. सहा म्हणजे जिवाशी खेळ. आम्हाला दुसरी हवी होती, आणि तिथेच सगळी कटकट सुरू होते, कारण एकदा घळईत शिरलात की मन बदलायची सोय फारशी नाही.

डिसेंबरमध्ये तीन-चार आयोजकांना फोन केले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ साली साहसी पर्यटनाच्या सुरक्षेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती आधी वाचून काढली आणि त्यावरून प्रश्न लिहून ठेवले. गाइडकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचं प्रमाणपत्र आहे का? पाण्यातून माणूस काढण्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय का? राफ्टबरोबर सुटकेसाठी कयाकवाला (एका माणसाची छोटी होडी चालवणारा) असतो का? सामानाचा राफ्ट वेगळा की आपल्याच पायाशी पेट्या? वेटसूट (गार पाण्यात ऊब धरणारा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) तुम्ही देता का, आणि आमच्या मापाचे? एका ठिकाणी उत्तर आलं, 'मॅडम, काही होत नाही, लहान मुलंही येतात.' तो फोन मी तिथेच संपवला. ज्यांच्याकडे शेवटी गेलो, त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले. पोहता येतं का, वजन किती, रक्तदाब, दमा, आधी कधी साडेतीन हजार मीटरच्या वर गेलात का. मला तेच आवडलं.

दर माणशी ४८,००० रुपये, वर पाच टक्के जीएसटी. त्यात लेहपासून लेहपर्यंतचा प्रवास, नदीवरचं जेवण, तंबू, साहित्य. लेहमधले सुरुवातीचे मुक्काम आपले आपण. तीस टक्के आगाऊ. किमान सहा माणसं झाली तरच मोहीम पक्की. आम्ही चौघं: मी, नणंदबाई, भाचा आणि त्याचा मित्र. म्हणजे अजून दोघांची वाट बघणं आलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, दर पंधरवड्याला मी विचारायचे आणि तिकडून 'अजून चारच' असं यायचं. मे महिन्यात बेळगावचं एक जोडपं आलं आणि गाडी मार्गी लागली. तोवर विमानाची तिकिटं काढायची की नाही, हा जीव टांगणीला लावणारा प्रश्न. आम्ही मार्चमध्ये काढून टाकली. मोहीम रद्द झालीच तर एक दिवसाची राफ्टिंग करून लेह फिरून यायचं, असा मनाचा करार केला.

तारखा ठरवणं हे खरं तर माझ्या रजेचं गणित होतं. मार्चच्या मध्यात लोकसभेची आचारसंहिता लागली, सोलापुरात ७ मेला मतदान, त्यात माझी ड्यूटी. १७ जुलैला आषाढी. आमच्या जिल्ह्यात वारी संपेपर्यंत रजेचा शब्द काढायचा नसतो. १५ ऑगस्टला पुन्हा हजर हवं. उरली मधली फट. झंस्कारला नेमकं तेव्हाच पाणी चांगलं असतं, हे आमचं नशीब. २६ जुलै ते ११ ऑगस्ट अशी अर्जित रजा मागितली. सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी सांगते: रजेच्या अर्जासोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी मागा, आणि रजेच्या काळातला पत्ता म्हणून 'लेह' एवढंच न लिहिता हॉटेलचं नाव आणि घरचा फोन द्या. 'झंस्कार नदी' असा पत्ता लिहिला असता तर अर्ज दोन टेबलं जास्त फिरला असता. रजा प्रवास सवलत चालेल का, हेही विचारून घेतलं. आपल्याकडे ती स्वग्राम किंवा महाराष्ट्र दर्शनासाठी. लडाख दोन्हींत बसत नाही.

रजा जूनमध्ये मंजूर झाली आणि जुलैत हलली. १ जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि मंजूर रजेवर 'बघू पुढे' अशी तोंडी पुरवणी जोडली गेली. मी काही बोलले नाही. दोन रविवार येऊन टेबल रिकामं केलं आणि सहकारी मैत्रिणीकडून लेखी घेतलं की माझा कार्यभार ती बघेल. कागद हातात असला की साहेबांनाही बरं पडतं.

रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं (१ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे). २८ मार्चला सकाळी आठला बसून कर्नाटक एक्सप्रेसची थर्ड एसी मिळवली. पुण्याहून विमानाने दिल्ली गाठता येते, पण सोलापूरहून थेट गाडी असताना सामानाच्या चढउतारीचा ताप कशाला?

आता शरीराचं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर, लेह साडेतीन हजार. विमानाने तासा-दीड तासात वर गेलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी, हिमोग्लोबिन, रक्तदाबाची आठवडाभराची नोंद मागितली. नणंदबाईंना रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यांची गोळी बदलली आणि महिनाभर बघून मगच तंदुरुस्तीचा दाखला दिला. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स ही गोळी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून, असं आम्हाला लिहून दिलं. तुम्ही आमच्या भरवशावर ती घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात हे कळलेलं असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

पोहणं मला यायचं, लग्नाआधीचं. महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला जानेवारीपासून जाऊ लागले. नुसतं पोहून भागत नाही. प्रशिक्षक बाईंना विनंती करून पूर्ण कपडे, बूट आणि लाइफ जॅकेट घालून तरंगायचा सराव केला. पाठीवर झोपायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात पाय टेकवायला जायचं नाही. पाऊल दगडाच्या फटीत अडकलं की मागून पाणी माणसाला पुढे दाबतं, आणि गुडघाभर पाण्यातही जीव जातो. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलं की ह्यांनी एकदा बेसिनमध्ये हात धुताना मला ते ऐकवलं.

गारठ्याचा सराव हा मोठा पेच होता. बर्फाच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर घात. थंड पाण्यात थोडा थोडा वेळ वारंवार उतरलं तर ही प्रतिक्रिया कमी होते. पण एप्रिलमध्ये सोलापुरात थंड पाणी आणायचं कुठून? नळाचं पाणीसुद्धा पोळतं. भाच्याने बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडून पिंपात टाकली आणि आम्ही आळीपाळीने आधी तोंड, मग खांद्यापर्यंत त्यात. नणंदबाईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपात उतरू दिलं नाही. थंड पाण्याने रक्तदाब झटकन वाढतो. गच्चीवर शेजारी जमले. पाणी वाया घालवलं नाही हे नोंदवून ठेवते. त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशीची धुणी झाली.

मार्चमध्ये एक शनिवार-रविवार कोलाडला गेलो. कुंडलिका नदीवर भिऱ्याच्या बाजूच्या वीजप्रकल्पातून सुटलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, त्यामुळे ते सकाळी ठरल्या वेळी. चुकलात तर नदीत पुरेसं पाणी नसतं. सोलापूरहून पुणे, ताम्हिणी घाट, कोलाड. रात्रीचा प्रवास, मुक्काम, राफ्टिंग धरून माणशी ४,५०० रुपये गेले. फायदा भरपूर झाला. वल्हं दंडाने मारलं की दहा मिनिटांत खांदा भरून येतो, कमरेतून मारायचं असतं. राफ्टच्या कडेवर बसायचं, आत नाही, आणि एक पाऊल तळातल्या पट्ट्यात अडकवायचं. गाइड 'फॉरवर्ड' म्हणाला की मारायचं, 'गेट डाउन' म्हणाला की क्षणात आत बसायचं; विचार करायला वेळ नसतो. भाच्याचा मित्र तिथे पाण्यात पडला आणि वर येऊन गप्प झाला. परतीच्या वाटेत त्याने विचारलं, 'झंस्कार याच्या कितीपट?' कुणी उत्तर दिलं नाही. तरी तो आला, आणि सगळ्यांत नीट वल्हं त्यानेच मारलं.

विम्याबद्दल सावध राहा. घरातली आरोग्य पॉलिसी उघडून बघितली तर साहसी खेळ वगळलेल्या यादीत. प्रवास विम्यात साहसी खेळांची पुरवणी घ्यावी लागली, माणशी १,२०० रुपये, तीही शब्द न् शब्द वाचून. काहींत उंचीची मर्यादा असते, काहींत खळाळाच्या श्रेणीची. 'राफ्टिंग चालतं' एवढं फोनवर सांगितलेलं धरू नका, ईमेलवर मागा.

फोनचं आणखी एक. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. निघायच्या तीन आठवडे आधी मी क्रमांक पोस्टपेड करून घेतला. घळईत तोही मुका. म्हणून पुण्यातल्या एका नातेवाइकाने परदेशातून उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र मागवून देतो म्हटलं. नको म्हणा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि विमानतळावर पकडले गेलेले लोक आहेत. आपत्तीत संपर्क कसा करणार, हे आयोजकाला विचारायचं. त्याचं उत्तर गोल असेल तर आयोजक बदलायचा.

सामान थोडक्यात. सुती कपडा एकही नाही, ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे, मागे पट्टा असलेले बूट, चष्म्याला दोरी. दुकानातली दोरी चारशेची होती, मी परकराची नाडी वापरली, अजून टिकून आहे. बायकांसाठी: पाळीची तारीख जुळली तर टाळायच्या गोळ्यांचा विचार डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या, कारण त्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. नसतील घ्यायच्या तर पॅड परत आणायला जाड झिपलॉक पिशव्या न्या. मुक्कामावर शौचाचा तंबू असतो, आणि त्यातलं सगळं मोहीम स्वतःबरोबर परत नेते. आम्ही सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. महिनाभर टिकणारी गोष्ट, वजनाला हलकी. नेपाळचा स्वयंपाकी ती रोज चहात बुडवून खायचा.

२६ जुलैला निघालो, २७ला दिल्ली. २८ला पहाटेचं लेहचं विमान. २७ला संध्याकाळी संदेश आला, विमान रद्द. कारण वाचून आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो: लेहमध्ये उष्णता जास्त. मे महिन्यात ४३ अंश सोसणाऱ्या सोलापूरकरांना कुणीतरी सांगतंय की थंड वाळवंटात ऊन फार आहे म्हणून विमान उतरवता येत नाही! पण ते खरंच होतं. लेहची हवा उंचीमुळे आधीच विरळ. पारा तिशीच्या वर गेला की आणखी विरळ होते, पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो, धावपट्टी पुरत नाही. त्या जुलैअखेरीस ओळीने काही दिवस विमानं रद्द झाली. म्हणूनच लेहची विमानं सकाळची असतात.

विमानतळावर गर्दी, कुणाला परतावा हवा, कुणाला पुढची जागा. आम्ही पुढची जागा मागितली आणि ३१ जुलै मिळाली. हॉटेलचे वाढीव तीन-चार दिवस, खाणं, रिक्षा मिळून माणशी सहा हजारांच्या आसपास. भाचा खवळला होता. नणंदबाई शांतपणे कुतुबमिनार बघून आल्या. डायमॉक्स सुरू केली होती, ती डॉक्टरांना फोन करून थांबवली आणि ३०ला पुन्हा धरली. मुळात नदीसाठी लेहहून ३ ऑगस्टला निघायचं होतं आणि आम्ही पाच-सहा दिवस हातात ठेवले होते. भाच्याला ते फुकट वाटत होते, खारदुंगला जाऊन यायचं म्हणत होता. खारदुंग गेलं. पण उंचीची सवय व्हायला हवे तेवढे दिवस उरले. लेहला जाणाऱ्यांनी विमानाच्या बाबतीत हा हिशोब आधीच करावा. बेळगावचं जोडपंही याच कारणाने आदल्या दिवशी धापा टाकत पोहोचलं, आणि त्यांच्यातल्या बाईंना कारगिलपर्यंत डोकेदुखीने हैराण केलं.

३१ला सकाळी उतरलो. पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरलं, पावतीच्या आणि आधारच्या छापील प्रती जवळ ठेवल्या. फोनची बॅटरी थंडीत लवकर बसते. पहिला दिवस फक्त झोप, पाणी आणि भात. जिना चढताना धाप लागली की ज्याची त्याला लाज वाटते, सांगत कुणी नाही. आम्ही बोटात लावायचं ऑक्सिमीटर नेलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचे आकडे वहीत लिहिले. ते लिहिल्यामुळे लपवाछपवी थांबली.

पदुमला जायचे आता दोन मार्ग आहेत. नदीकाठाने कोरलेला निम्मू-पदुम-दारचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, पण आमच्या आयोजकांनी कच्च्या भागांमुळे जुना मार्गच धरला: लेह, फोतू ला ('ला' म्हणजे खिंड), कारगिलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुरू खोरं, रंगदुम, पेन्सी ला आणि पदुम. अंग खिळखिळं करणारा प्रवास. पेन्सी लाच्या वळणावरून द्रांग-द्रुंग हिमनदी दिसते आणि ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली. तिथून सुटलेलं पाणीच आपल्याला पुढे वाहून नेणार, हे कळल्यावर नणंदबाईंनी खिडकी खाली करून बराच वेळ बघितलं.

५ ऑगस्टला सकाळी काठावर हमीपत्रावर सह्या. 'धोक्याची पूर्ण कल्पना आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मी प्रत्येक कलम वाचलं, मागचे थांबले, थांबू देत. मग तासभर सूचना. फेकलेली दोरी हाताला गुंडाळायची नाही, छातीशी धरून पाठीवर वळायचं. प्रत्येकाचं हेल्मेट आणि जॅकेट गाइडने स्वतः ओढून बघितलं. त्याच गाइडने तिथे सांगितलं की २०१४च्या अखेरीस वरच्या बाजूला फुगताल नदीत दरड कोसळून तळं साठलं आणि ७ मे २०१५ला ते फुटलं, तेव्हा खालचे पूल वाहून गेले. आम्हाला घाबरवायला नव्हे. सकाळी काठावर दगड रचून खूण का करतो, हे समजवायला. दिवसभर ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो आणि संध्याकाळी पाणी चढतं. तंबू कुठे लावायचा ते त्या खुणेवर ठरतं. आमच्याकडे उजनीतून किती क्युसेक सुटलं यावर भीमाकाठ झोपतो, तेव्हा हे आम्हाला पटकन समजलं.

पहिला दिवस निवांत, रुंद पात्र, दूरवर करशाचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. दुपारी खालून वर असा वारा सुटला की वल्हं मारूनही राफ्ट जागच्या जागी. दुसऱ्या दिवसापासून भिंती जवळ आल्या. तांबडे, जांभळे, शेवाळी खडक घड्या घातल्यासारखे वाकलेले; हा सगळा एकेकाळचा समुद्रतळ. झाड नाही. नेराकच्या पुढे पाणी अरुंद आणि खोल, आवाज इतका की गाइडचं ओरडणं पाठीत ऐकू आल्यासारखं वाटतं. मधूनच वर कुठेतरी रस्त्याच्या कामाची यंत्रं घरघरायची आणि धूळ खाली यायची. ज्यांना निर्जन घळई हवी आहे त्यांनी हे धरून चालावं. मला त्या आवाजाने धीर आला, खरं सांगायचं तर.

मी पडले ते तिसऱ्या दिवशी. लाट बाजूने आली, पायाची पकड सुटली आणि पुढचं आठवतं ते पाण्याखालचं राखाडी. बर्फाच्या पिंपाचा उपयोग झाला का? थोडा. श्वास ओढला गेलाच, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्षणी ताब्यात आला आणि पाय वर आले. कयाकवाला कुठून आला ते कळलं नाही; त्याच्या होडीचं टोक धरलं आणि त्याने मला शांत पाण्यात ढकललं. राफ्टमध्ये ओढून घेताना नणंदबाई मला 'वहिनी' ऐवजी 'अगं ए' म्हणत होत्या. तासभर दातांवर दात. त्यांनी वेटसूटवर जॅकेट, त्यावर लोकरी टोपी आणि गरम गोड पाणी दिलं. तेव्हा कळलं की वेटसूट मापाचा आहे का हे डिसेंबरमध्ये विचारलं ते किती बरं केलं. सैल असता तर आत पाणी खेळत राहिलं असतं.

८ला चिलिंग, जिथे मार्खा नदी येऊन मिळते, आणि दुपारपर्यंत निम्मूचा संगम. संगमावर फोटो काढणारे पर्यटक वरून हात करत होते. आमच्या अंगाला वाळू, ओठ फुटलेले. गाइड आणि स्वयंपाक्यांना मिळून माणशी दोन हजारांची बक्षिसी, तीही एका पाकिटात, सगळ्यांसमोर प्रमुखाकडे. वेगवेगळी दिली तर सामान वाहणारा राहून जातो.

एकूण खर्च माणशी ९५,००० रुपयांच्या आत: आयोजकांचे ५०,४००, दिल्ली-लेह विमान येऊन-जाऊन १५,०००, रेल्वे ४,५००, दिल्लीतला अडकलेला मुक्काम, लेहचा मुक्काम, कोलाड, विमा, कपडे-बूट आणि बक्षिसी. कपडे भाड्याने लेहच्या बाजारात स्वस्त मिळतात, ते आम्हाला तिथे गेल्यावर दिसलं.

१२ ऑगस्टला सोमवारी रुजू अहवाल दिला. जूनमध्ये उणे साठ टक्क्यांपर्यंत गेलेली उजनी तोवर भरली होती आणि कार्यालयात तोच विषय, त्यामुळे माझ्या फुटलेल्या ओठांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. विमा कंपनीकडे दिल्लीच्या हॉटेलचा दावा लावला. त्यांनी विमान कंपनीचं रद्द झाल्याचं प्रमाणपत्र मागितलं. मोबाइलवरचा संदेश चालत नाही. ते प्रमाणपत्र ईमेलने मिळवायला दोन आठवडे गेले. नोव्हेंबरमध्ये माणशी ३,१०० रुपये खात्यात आले, जेवणाची बिलं वगळून. विमानतळावरच्या काउंटरवर तेव्हाच मागितलं असतं तर शिक्का मारून हातात मिळतं, असं बेळगावच्या जोडप्याने कळवलं. त्यांचा दावा सप्टेंबरमध्येच निघाला होता.